खिशातला विस्तव

आमच्या बीड जिल्ह्यात ‘बॅटरी’ या शब्दाचा मूळ अर्थ विजेरी असा आहे. रानात निघालेला माणूस ‘बॅटरी घे रं’ म्हणतो तेव्हा त्याला तो हातात धरायचा लांबट दिवा हवा असतो. त्याच्या पोटात जे घालायचे ते ‘सेल’. पुस्तकात त्याला विद्युतघट म्हणतात, पण घट म्हटले की आमच्याकडे नवरात्रच आठवते. सेल मंद झाले की ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे, म्हणजे आणखी दोन-चार रात्री निघतात, हे शास्त्र घरोघर होते आणि त्यात थोडे तथ्यही होते. अगदीच मेलेला सेल पोरांच्या वाट्याला यायचा. तो दगडाने फोडायचा, आतली काळी कांडी काढायची आणि तिने भिंतीवर रेघोट्या मारायच्या. आईच्या हातचा मार सोडला तर या उद्योगात कुणाला मोठी इजा झाल्याचे मला आठवत नाही. फार तर एखादा सेल विजेरीतच विसरला जाई, पावसाळ्यात पाझरे आणि स्प्रिंग गंजून जाई.

हे सांगायचे कारण असे की ती विजेरी गेली, तो सेलही बहुतेक गेला, पण सेलाशी वागायची रीत घरात तशीच राहिली. उन्हात टाकणे, फोडून पाहणे, किल्ल्या-खिळे-सुटे पैसे ज्या डब्यात असतात त्यातच टाकून देणे. आज त्या जागी आलेली वस्तू दिसायला त्याच जातीची आहे. स्वभाव मात्र अगदी निराळा. मोबाइल, पॉवर बँक, डोक्याला बांधायची बॅटरी, नातवाची खेळण्यातली गाडी, दारातली विजेवरची स्कूटर, या सगळ्यांच्या पोटात लिथियम-आयन बॅटरी आहे. तिच्यात जुन्या सेलापेक्षा कितीतरी जास्त शक्ती कोंबलेली असते आणि ती पुन्हापुन्हा भरता येते. शिवाय ती बिघडली तर नुसती पाझरून थांबत नाही. ती पेटते.

घरात विस्तव बाळगणे आपल्याला नवीन नाही. चुलीतला निखारा रात्री राखेत कसा झाकायचा, चिमणी अंथरुणापासून किती लांब ठेवायची, स्टोव्हला किती हवा मारायची, हे आपल्या आया-आज्यांना कुणी वर्गात बसवून शिकवले नव्हते. ती शहाणपणाची बेरीज होती, आणि तिच्यामागे भाजलेले हातही होते. गॅस आला तेव्हा खेड्यापाड्यांतल्या बायका त्याला भ्यायल्या. मग कुणीतरी घरी येऊन रेग्युलेटर कसा बसवायचा ते दाखवले, वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका असे बजावले. आज घराघरात झोपण्यापूर्वी एखादी म्हातारी विचारतेच, ‘गॅस बंद केला का गं?’ नवा विस्तव असा घरात रुळतो. पण ‘चार्जिंग काढलं का?’ असे विचारणारी म्हातारी अजून आपल्या घरात तयार झालेली नाही. खरे तर ती म्हातारी आता आपणच आहोत. चार्जर उशाशी लावून आपणच आधी घोरू लागतो.

आत काय असते ते जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगतो. मी शास्त्राचा माणूस नव्हे. निम्मे आयुष्य बँकेत गेले आणि उरलेले कादंबऱ्या लिहिण्यात. पण ही गोष्ट समजायला अवघड नाही. दोन पातळ पट्ट्या असतात. तांब्याच्या पत्र्यावर ग्राफाइटचा लेप दिलेली एक आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियम व इतर धातूंच्या संयुगाचा लेप दिलेली दुसरी. दोहोंच्या मध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा. हे सगळे सुरळीच्या वडीसारखे गुंडाळून डबीत बसवायचे आणि त्यात एक द्रावण भरायचे. हे द्रावण पेट घेणारे असते. चार्ज करताना लिथियमचे कण पडद्यातून एका बाजूला जातात, वापरताना परत येतात. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली. ज्यांच्या संशोधनावर ती उभी राहिली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतल्या गुडइनफ यांचे वय तेव्हा ९७ होते. इतक्या वयात नोबेल मिळालेला माणूस त्यांच्याआधी कुणी नव्हता.

सगळे त्या पडद्यावर अवलंबून आहे. तो शाबूत आहे तोवर बॅटरी गरीब गाईसारखी असते. तो फाटला, वितळला किंवा त्याला भोक पडले की दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकतात, आत उष्णता होते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते, क्रियेने उष्णता आणखी वाढते, आणि मग ते कुणाच्या हातात राहत नाही. शेजारी दुसरा सेल असेल तर तोही धरतो. कडब्याच्या गंजीला आग लागल्यावर एक पेंढी जळून थांबत नाही, तसेच.

पडदा बिघडायची कारणे फार नाहीत. बॅटरी चेपली गेली, तिला टोचले, ती फार तापली, गरजेपेक्षा जास्त भरली किंवा अगदी कोरडी होईपर्यंत वापरून तशीच महिनोन्‌महिने पडू दिली, ही त्यांतली मुख्य. या जातीच्या बहुतेक बॅटऱ्यांतला एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. त्यापुढे त्यात कोंबायचे नसते. म्हणून चांगला चार्जर आपण रांजण भरतो तसा तो भरतो. आधी घागरीने, मग काठ जवळ आला की तांब्याने, आणि शेवटी हात आखडता घेऊन थांबतो. वाईट चार्जरला हे थांबणे ठाऊक नसते. आणि गेल्या हंगामापासून फडताळात मरून पडलेली बॅटरी अचानक चार्जिंगला लावली तर ती वर वर जिवंत होते, पण आतली तांब्याची पट्टी झिजून त्या धातूचे कण भलत्या जागी जाऊन बसलेले असू शकतात. अशी बॅटरी जिवंत झाली म्हणून आनंद मानू नये.

हा जो सुटा सेल आहे, बोटापेक्षा थोडा जाड, १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, त्याला बाजारात त्याच्या मापावरूनच ‘१८६५०’ म्हणतात. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत, पॉवर बँकेत, डोक्याच्या बॅटरीत तोच सापडतो. परदेशात हा सेल सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती सुटा पडला तो एका भलत्याच वस्तूमुळे. ती वस्तू म्हणजे विजेवरची सिगारेट. आपल्याकडे २०१९ साली कायदा करून तिचे उत्पादन, विक्री, आयात आणि साठवणसुद्धा बंद केली गेली, आणि त्याबद्दल मला जराही दुःख नाही. पण तिच्या नादी लागलेल्या लोकांनी या सेलाचे दुखणे आपल्या अंगावर काढून पाहिले. पँटच्या खिशात सुटा सेल, त्याच खिशात किल्ल्या आणि नाणी. धातूने दोन टोके जोडली गेली आणि मांडी भाजली, असे कितीतरी रोगी तिकडच्या डॉक्टरांनी पाहिले. २०१८मध्ये फ्लोरिडात आणि २०१९मध्ये टेक्सासमध्ये अशा सिगारेटचा स्फोट होऊन माणसे मेली. त्यानंतर त्या मंडळींत जे नियम रूढ झाले ते साधे आहेत. सुटा सेल प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवायचा. त्याच्यावरचे पातळ आवरण फाटले तर तो वापरायचा नाही, कारण वरचे टोक सोडले तर सेलाची सगळी डबी ही दुसरे टोकच असते. जुना आणि नवा सेल जोडीने घालायचा नाही. भरत असताना त्याच्याजवळ राहायचे.

व्यसनी माणसांकडून शिकायला हरकत नाही. सिगारेट आपल्याकडे आली नाही हे बरेच झाले, पण तोच सेल दुसऱ्या वाटेने बीडच्या प्रत्येक आठवडी बाजारात येऊन बसला आहे, आणि त्याच्याबरोबर यायला हवे होते ते चार नियम मात्र वाटेतच राहिले.

तो इथे एवढा का खपतो, हे शहरातल्या वाचकाला कदाचित कळणार नाही. शेतीपंपाची वीज अजून अनेक फीडरवर आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. सौर वाहिनीची योजना पूर्ण होईल तेव्हा सगळ्यांना दिवसा पाणी देता येईल म्हणतात. होईल तेव्हा चांगलेच. तोवर रात्री एक वाजता दारे धरायला जायचे तर दोन्ही हात खोऱ्याला लागतात, म्हणून दिवा डोक्याला हवा. पायाखाली साप असतो. २०२०च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली. त्यानंतर उजेडावाचून रानात जाण्याची छाती उरली नाही, आणि ती उरावी अशी अपेक्षाही करू नये. तेव्हा ही बॅटरी म्हणजे चैन नव्हे. ती वापरू नका असे सांगणारा माणूस रात्री रानात गेलेला नाही एवढेच त्यावरून सिद्ध होईल.

पण विकत काय मिळते ते पाहा. बाजारातल्या गोणपाटावर मांडलेल्या सेलांवर मोठ्या अक्षरांत ६८००, ९९०० असे आकडे छापलेले असतात. हा सेलाच्या क्षमतेचा, म्हणजे मिलिअँपिअर-तासांचा आकडा. जगातल्या नामांकित कंपन्यांचे चांगले सेल या मापात साधारण ३५०० पर्यंत जातात. फार झाले तर ४०००. मग या गोणपाटावरच्या सेलात ९९०० कुठून आले? बँकेत असताना मी असे ताळेबंद पुष्कळ पाहिले. मालाच्या किमतीचा आकडा पाहूनच कळायचे की गोदामात एवढा माल मावणारच नाही. इथेही तेच आहे. ज्याने आकडा खोटा छापला त्याने आतला पडदा खरा बसवला असेल असे कोण मानील? पुष्कळ सेल तर जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून, नवे रंगीत आवरण चढवून आलेले असतात. विकणारा पोरगा निर्मळ मनाने सांगतो, ‘काका, गॅरंटी नाही, पण चालतो.’ त्याच्यावर मी रागवत नाही. त्यालाही तो माल कुणीतरी तसाच सांगून दिलेला असतो.

तपासायला एक खूण आहे. अशा सेलांना आणि पॉवर बँकांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. चांगल्या मालावर मानकाचे चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. चश्मा लावून तो शोधावा. सापडला नाही तर वस्तू परत ठेवावी. दुकानदार चेहरा वाकडा करील, करू द्यावा.

आता घरातल्या गोष्टी. या बॅटरीला आपल्यासारखाच गारवा आवडतो. बहुतेक बॅटऱ्या ४५ अंशांवर चार्ज करू नयेत असे त्या बनवणारे सांगतात. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर बेचाळीस असते तेव्हा पत्र्याच्या खोलीत किती असेल? दुपारी त्या पत्र्याखाली, गोधडीवर, उशीखाली चार्जिंगला लावलेला मोबाइल हा त्या हिशेबाने नुसता तापत नाही, त्याला उबवले जाते. चार्जिंग उघड्या फरशीवर, दगडी ओट्यावर करावे. गादी, सोफा, कपड्यांचा ढीग यांवर नको. महिनोन्‌महिने वापरायची नसलेली बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये आणि अगदी रिकामीही ठेवू नये. निम्मी भरून, कोरड्या गार जागी ठेवावी. माठाची बाजू गार असते, पण तिथे ओल असते, म्हणून ती नको. फुगलेली बॅटरी दाबून पाहू नये. तिला टाचणीने भोक पाडून ‘हवा काढणारे’ लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या हाताला अजून काही झालेले नाही, त्यापलीकडे त्या उपायात काही अर्थ नाही.

विमानात पॉवर बँक सामानाच्या पेटीत घालू देत नाहीत, जवळच्या पिशवीत ठेवायला लावतात. प्रवाशाला वाटते, धोक्याची वस्तू माणसांपासून लांब ठेवायची सोडून ही उलटी तऱ्हा का? कारण असे की खाली पोटात पेटली तर कुणाला दिसणार नाही, वर पेटली तर निदान कुणाच्या तरी नजरेला पडेल. सगळ्या नियमांत मला हा एक फार शहाणपणाचा वाटतो. चार्जिंग हे जागेपणी, कुणाच्या तरी नजरेसमोर करायचे काम आहे. दूध तापत ठेवून आपण झोपायला जात नाही.

विजेच्या स्कूटरच्या बाबतीत तर हे जिवावर बेतले आहे. २०२२च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचे चित्र सगळ्यांनी पाहिले. त्याच महिन्यात तामिळनाडूत वेल्लोरला रात्री घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला आणि धुराने बाप-लेक गेले. सप्टेंबरात वसईला स्कूटरची काढून आणलेली बॅटरी बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला, तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि आठवड्याने रुग्णालयात वारला. या साऱ्या घटनांनंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले, ते २०२२च्या डिसेंबरपासून आणि पुढे २०२३च्या मार्चअखेर दोन टप्प्यांत लागू झाले. नव्या गाड्या त्यामुळे जास्त भरवशाच्या झाल्या आहेत यात शंका नाही. पण नियम कारखान्याच्या दारापर्यंत पोचतो. बैठकीच्या खोलीत बॅटरी कुठे ठेवायची ते घरातल्या माणसानेच ठरवायचे असते. आपली घरे लहान, एकच दार. आणि चार्जिंगची जागा नेमकी त्या दारापाशी किंवा जिन्याखाली, कारण बटण तिथेच आहे. आग लागली तर बाहेर पडायची वाटच जळत असते. इलेक्ट्रिशियनला बोलावून एक बटण दुसऱ्या भिंतीला घेतले तर किती खर्च येतो? चार्जरही गाडीबरोबर मिळाला तोच वापरावा.

आणि पेटलीच तर? लहान मोबाइल असेल तर आधी बटण बंद करून भरपूर पाणी ओतावे. या बॅटरीला पाणी चालत नाही असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. तिला थंड करणे हेच मुख्य काम आणि ते पाण्यानेच होते. वाळूने आग पसरत नाही, पण आतली उष्णता जात नाही, त्यामुळे विझली म्हणून हात लावू नये. ती पुन्हा भडकते. स्कूटरची मोठी बॅटरी असेल तर काही वाचवायच्या भानगडीत न पडता पोराबाळांना घेऊन बाहेर पडावे, कारण तिचा धूर विषारी असतो. अग्निशामक दलाला फोन करावा, पण तालुक्याच्या गावाहून बंब येईपर्यंत काय होते ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

मेलेल्या बॅटरीचे काय, हाही प्रश्नच आहे. २०२२च्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे. गावात मात्र ती भंगारवाल्याच्या पोत्यात जाते आणि बदल्यात लसूण मिळतो. पोत्यात ती लोखंडाखाली चेपली जाते. निदान तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, वेगळ्या प्लॅस्टिकच्या बरणीत साठवून, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेऊन द्यावी. लसणाचे नुकसान होईल, ते सोसावे.

आतापर्यंत जे लिहिले ते ज्यांना घर आहे त्यांच्यासाठी. फरशी, ओटा, दुसरी भिंत या सगळ्या घर असणाऱ्यांच्या गोष्टी आहेत. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळी झाली की ऊस तोडायला लाखांनी माणसे बाहेर पडतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, खाली कर्नाटकापर्यंत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरलेला असतो, आणि पुढचे पाच-सहा महिने राहायची जागा म्हणजे कोपी. बांबू वाकवून त्यावर ताडपत्री किंवा काळा कागद टाकलेला, कडेने पाचट, खाली पाचट, वाकून आत जायचे. त्यातच चूल, त्यातच दाणागोटा, त्यातच निजलेले लेकरू. वाळलेले पाचट कसे धरते हे ज्याने उसाचा फड पेटवलेला पाहिला आहे त्याला ठाऊक आहे. चुलीच्या ठिणगीने कोपी जळणे ही जुनीच गोष्ट. आता तिथे दुसरा विस्तव आला आहे.

एका तळावर मी विचारले, फोन चार्ज कुठे करता? एक गडी म्हणाला, ‘टपरीवाला दहा रुपये घेतो सायेब. न्हाईतर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर वायर लावायची. रातच्याला पॉवर बँकवर.’ एवढा खटाटोप कशाला, असे मी विचारले नाही, पण माझ्या तोंडावर ते दिसले असावे. त्याची बायको चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, ‘लेकरं गावाकडं सासूपाशी हायेत. रातच्याला एकदा तोंड दिसलं की झोप लागती. फोन बंद पडला तं कशात जीव लागत नाही.’

‘रात्री चार्जिंगला लावू नका’ हा नियम या बाईला कसा सांगायचा? पहाटे तीन-चारला उठून फडात जायचे, दिवस मावळून कितीतरी वेळाने मोळ्या भरून झाल्या की परतायचे. तिच्याकडे रात्रीच तेवढी शिल्लक आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर उघड्या वायरी जोडून, टपरीवरच्या पन्नास रुपयांच्या चार्जरने, पाचटाच्या अंथरुणावर पॉवर बँक ठेवून ती आपल्या लेकरांचे तोंड पाहते. ती निष्काळजी आहे असे कुणी म्हणू नये. काळजी घ्यायला जी साधी भिंत लागते तीच तिच्यापाशी नाही.

म्हणून माझे मागणे साखर कारखान्यांकडे आणि ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळाकडे आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या या महामंडळासाठी गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखान्याने दहा रुपये आणि तितकेच सरकारने द्यावेत असे ठरलेले आहे. वसतिगृहे, आरोग्य यांवर तो पैसा जावा हे खरेच. पण त्यातून प्रत्येक मोठ्या तळावर एक चार्जिंगची खोली बांधायला काय हरकत आहे? खर्चाचा अंदाज काढायची माझी जुनी खोड आहे, म्हणून तपशील सांगतो. दहा बाय दहाची विटांची खोली, कोप्यांपासून दूर. लाकडाऐवजी शहाबादी फरशीच्या मांडण्या. आकडे टाकलेली खणे, प्रत्येक खणात एक सॉकेट आणि एक खात्रीचा चार्जर. जादा भार आला की आपोआप पडणारे बटण, बाहेर पाण्याचा हौद आणि दोन बादल्या. राखणीला तळावरचीच एखादी वयस्क बाई किंवा ज्याला आता कोयता झेपत नाही असा म्हातारा, पगारावर. फोन किंवा डोक्याची बॅटरी देताना टोकन घ्यायचे, नेताना परत करायचे. बँकेत पूर्वी पैसे काढायला पितळेचे टोकन मिळे, तसे. फुगलेली बॅटरी त्या माणसाने बाजूला काढायची आणि बदल्यात चांगली द्यायची, कारण कामगार ती आपण होऊन टाकणार नाही. ती त्याच्या पैशाची असते.

वीज कुठून आणायची, असे एका जाणत्या माणसाने मला विचारले. अनेक साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करतात, स्वतः वापरतात आणि उरलेली महावितरणला विकतात. तो ऊस ज्यांनी तोडला त्यांच्या कोप्या कारखान्याच्या कुंपणाला लागून असतात. रात्री कारखान्याच्या गव्हाणीवरचे दिवे इतके झगझगीत असतात की कोपीत त्यांचा उजेड पाचटाच्या फटींतून येतो. वायर तेवढी कुंपणापलीकडे ओढायची आहे, आणि ती पुढच्या मोळीपूजनाच्या आत ओढून होण्यासारखी आहे.